इंग्रजीचा तास: शिक्षक काय मानतात, काय करतात

२००० साली महाराष्ट्राने मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्या निर्णयावर जेवढे रण माजले तेवढे शालेय शिक्षणातल्या फार थोड्या निर्णयांवर माजले असेल. मराठीचे काय होणार, पाचवीऐवजी पहिली कशासाठी, खेड्यातल्या मुलांवर बोजा पडेल की ती शहरातल्या मुलांच्या बरोबरीने उभी राहतील, यावर अग्रलेख निघाले, परिसंवाद झडले. आता पाव शतक उलटले आहे. सेमी इंग्रजीचे वर्ग गावोगाव पोचले, पाठ्यपुस्तके बदलली, प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. एवढ्या सगळ्या चर्चेत एका प्रश्नाकडे मात्र फारसे कुणी वळले नाही. रोज त्या वर्गात उभे राहून इंग्रजी शिकवणारे शिक्षक आणि शिक्षिका, परकी भाषा माणसाला येते तरी कशी, याविषयी मनाशी काय धरून असतात? माझे म्हणणे असे की या प्रश्नाचे खरे उत्तर शिक्षकांच्या बोलण्यात मिळत नाही, ते त्यांच्या तासात मिळते. तासात दिसणारे ते उत्तर गांभीर्याने वाचल्याशिवाय केलेली कोणतीही सुधारणा वर्गाच्या उंबऱ्याबाहेरच थांबते.

शिक्षकांच्या डोक्यात काय चालते हा संशोधनाचा विषय व्हायलाही वेळ लागला. बराच काळ अभ्यासकांचे लक्ष शिक्षकाच्या वागण्यावर होते: त्याने किती प्रश्न विचारले, किती वेळा शाबासकी दिली आणि मुलांचे गुण किती वाढले, याची मोजदाद चाले. १९७०च्या दशकानंतर हळूहळू लक्षात आले की शिक्षक वर्गात क्षणोक्षणी निर्णय घेत असतो आणि त्या निर्णयांमागे त्याच्या स्वतःच्या धारणा असतात. इंग्रजी व इतर भाषांच्या शिक्षकांपुरते बोलायचे तर सायमन बोर्ग यांनी २००३ साली अशा ६४ अभ्यासांचा आढावा घेतला, आणि आजही या विषयाची चर्चा तिथूनच सुरू होते. शिक्षकाचे स्वतःचे शालेय दिवस त्याच्या धारणा घडवतात, प्रशिक्षणाचा परिणाम माणसागणिक कमीजास्त होतो, आणि शाळेची परिस्थिती धारणा व कृती यांच्या मध्ये येऊन उभी राहते, असे त्यांना दिसले. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली आणि ती आपल्याला फार लागू आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा शिक्षकांचे, सरकारी शाळांतले वर्ग या अभ्यासांत अगदी थोडे होते. म्हणजे जगातले बहुसंख्य इंग्रजीचे तास जिथे होतात, तिथेच कुणी डोकावले नव्हते.

बोलणे आणि करणे यांतले अंतर मात्र सगळीकडे सापडले. कारावास-डूकास यांनी ग्रीसमधल्या इंग्रजीच्या १४ शिक्षकांचा केलेला अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. प्रश्नावली भरताना हे शिक्षक संवादावर आधारलेल्या अध्यापनाच्या बाजूने होते. मुलांनी बोलावे, चुका होऊ द्याव्यात, व्याकरण हे साधन मानावे, हे सगळे त्यांना मान्य होते. वर्गात जाऊन पाहिले तर बहुतेकांचे तास जुन्याच वळणाचे निघाले. अशा निष्कर्षावर आपल्याकडे चटकन दोन शेरे मारले जातात. एक, शिक्षक दुटप्पी आहेत, कागदावर एक आणि वर्गात दुसरे. दोन, त्यांना नवी पद्धत कळलेलीच नाही, आणखी एक प्रशिक्षण द्या. दोन्ही शेऱ्यांत एक गृहीतक दडले आहे: प्रश्नावलीत भरले ते खरे मत आणि वर्गात घडले ती त्या मतापासूनची घसरण. मला हे गृहीतकच उलटे वाटते. वर्गातली कृती हीसुद्धा एक भूमिका असते. वर्षानुवर्षे टिकून राहिलेली, हजार तासांत तपासली गेलेली भूमिका. तुलनेने प्रश्नावलीतले मत नवे असते, उसने असते, आणि प्रसंगी विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून दिलेले असते.

ही भूमिका येते कुठून? डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५च्या आपल्या ग्रंथात सांगितले की शिक्षकी पेशाची उमेदवारी इतर कोणत्याही पेशाआधी सुरू होते. शाळा संपेपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांना शिकवताना पाहिलेले असते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने शस्त्रक्रिया पाहिलेली नसते, वकील होऊ पाहणाऱ्याने न्यायालयाची पायरी चढलेली नसते. शिक्षक मात्र अध्यापक महाविद्यालयात पाऊल टाकतो तेव्हा शिकवणे म्हणजे काय हे त्याच्या अंगात भिनलेले असते. पण बाकावरून त्याला शिक्षकाची कृती तेवढी दिसलेली असते, त्या कृतीमागचा विचार दिसलेला नसतो. मराठी मुलखात या उमेदवारीला स्वतःचा इतिहास आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इथल्या कित्येक पिढ्यांचे इंग्रजी उभे राहिले: मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी, नियम, पुन्हा वाक्ये. पुढे रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले आणि हायस्कूलच्या कपाटात कायमचे बसले. या पुस्तकांनी शिकलेली माणसे खरोखरच चांगले इंग्रजी लिहू लागली, हेही विसरता येत नाही. आपल्या गुरुजींना ज्या रीतीने इंग्रजी आले आणि त्यांच्याकडून ज्या रीतीने आपल्याला आले, ती रीत खोटी आहे असे बी.एड.ने सांगितले म्हणून कोण मानेल? हाँगकाँगमध्ये पीकॉक यांनी इंग्रजीच्या १४६ भावी शिक्षकांचा तीन वर्षे पाठपुरावा केला. भाषा शिकणे म्हणजे मुख्यतः शब्द आणि व्याकरण शिकणे, ही त्यांची धारणा पदवी संपतानाही फारशी हलली नव्हती.

आता नववीचा एखादा नेहमीचा तास पाहू. शिक्षक पाठाचा एक परिच्छेद मोठ्याने वाचतात, मग एका मुलाला उभे करून वाचायला सांगतात. प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ शिक्षक सांगतात. फळ्याच्या डाव्या बाजूला कठीण शब्द आणि त्यांचे अर्थ येतात, मुले ते वहीत उतरवतात. व्याकरणाचा भाग आला की सूत्र: हॅव किंवा हॅज, पुढे क्रियापदाचे तिसरे रूप. वर्ग एका सुरात गो, वेंट, गॉन म्हणतो. मग प्रश्नोत्तरे. प्रश्न पुस्तकातला, उत्तर शिक्षकांनी फळ्यावर लिहिलेले, पुष्कळदा गाईडशी शब्दशः जुळणारे. मुलाने स्वतः रचलेले इंग्रजी वाक्य या तासात एकदाही येत नाही. आल्यास ते ‘येस सर’ आणि ‘मे आय गो’ एवढेच असते. त्याच शिक्षकांच्या पाठ टाचणाच्या वहीत उद्दिष्टांच्या रकान्यात ‘विद्यार्थी आपले विचार इंग्रजीतून व्यक्त करतो’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते.

या तासाकडे आळस म्हणून पाहणे सोपे आहे, आणि चुकीचे आहे. त्यात भाषेविषयीची एक पुरी उपपत्ती आहे. इंग्रजी पुस्तकात असते, म्हणून तिचा मालक पुस्तक असते. अर्थ मराठीत असतो, म्हणून मराठीत उतरवल्याखेरीज वाक्य समजले असे होत नाही. शुद्धता आधी, वापर नंतर, म्हणून चुकीचे वाक्य मुलाच्या तोंडून निघूच देऊ नये, कारण चूक एकदा पक्की झाली की सुटत नाही. वाक्य बनवण्याची जोखीम मुलाने घ्यायची नाही, शिक्षकाने घ्यायची. पाठांतर हे सामर्थ्य आहे. यातले प्रत्येक विधान कुणीतरी कधीतरी अनुभवाने खरे करून पाहिलेले असते. कृष्णकुमार यांनी १९९१च्या पुस्तकात भारतीय शिक्षकाचे वर्णन ‘दीन हुकूमशहा’ असे केले होते: अधिकाऱ्यांपुढे दीन, वर्गात सर्वाधिकारी. पुस्तक त्याने निवडलेले नसते, परीक्षा त्याच्या हातात नसते, तेव्हा पुस्तकाशी इमान राखणे हाच त्याच्या सुरक्षिततेचा मार्ग ठरतो. अशा माणसाला मुलांना मोकळे बोलू द्या असे सांगणे म्हणजे त्याच्याकडचा एकमेव आधार काढून घेणे होय.

या उपपत्तीचे फळ काय, तेही दिसते. ‘असर’ने २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी केली. त्यात ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली, आणि ज्यांना वाचता आली त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. ही वाक्ये घड्याळात किती वाजले अशा धर्तीची, अगदी साधी असतात. म्हणजे आठ-दहा वर्षे इंग्रजीच्या तासाला बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना सोपे वाक्य वाचून त्याचा अर्थ लावता येत नाही, आणि जे वाचतात त्यांतलाही चौथा हिस्सा नुसता उच्चार करतो. अक्षर ओळखणे आणि अर्थ लागणे यांची फारकत करून शिकवले की असेच होणार. ही पाहणी देशभरातली आहे, ती एकट्या महाराष्ट्रावर लादू नये. पण मुलाला समजले का हे न तपासता त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेणारा तास आपल्याकडे अपवाद आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मग धारणा बदला. त्याआधी एक गुंता सोडवावा लागतो. शिक्षकाच्या मनात एकाच वेळी अनेक धारणा असतात आणि त्या सारख्या वजनाच्या नसतात. फिप्स आणि बोर्ग यांनी तुर्कस्तानातल्या तीन अनुभवी शिक्षकांच्या व्याकरणाच्या तासांचा अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. सुट्या वाक्यांचे सराव निरुपयोगी आहेत असे म्हणणारे शिक्षक वर्गात ते सराव देत होते. कारण विचारल्यावर कळले की मुलांना त्यांची अपेक्षा असते, त्यामुळे वर्ग शांत राहतो, लक्ष टिकते. म्हणजे व्याकरणाविषयीची धारणा वरवरची होती, आणि ‘मुलांचे लक्ष टिकले पाहिजे’ ही धारणा गाभ्यातली. दोघींचा सामना झाला तेव्हा गाभ्यातली जिंकली. आपल्या शिक्षकांच्या गाभ्यात काय असते? वर्गाला शिस्त हवी. अभ्यासक्रम वेळेत पुरा व्हावा. कुणी नापास होऊ नये, विशेषतः इंग्रजीत, कारण इंग्रजीत गेलेला मुलगा शाळेतूनच जातो हे त्यांनी पाहिलेले असते. ही शेवटची धारणा निव्वळ मायेपोटी आलेली आहे. उत्तरे फळ्यावर लिहून देणारा शिक्षक पुष्कळदा त्या मुलाला वाचवत असतो.

मातृभाषेच्या प्रश्नावर तर अंतराची दिशाच उलटी होते. प्रशिक्षणांनी कितीतरी वर्षे एक गोष्ट ठसवली: इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी. शिक्षक ते तोंडाने मानतात. तपासणीला कुणी आले की तास एकदम इंग्रजीत सुरू होतो आणि पाहुणे गेले की मराठीत परततो. जेसन अँडरसन आणि एमी लाइटफूट यांनी भारतातल्या इंग्रजीच्या शिक्षकांची पाहणी केली. शिक्षक समजावून सांगण्यासाठी, वर्ग सांभाळण्यासाठी, भाषांतरासाठी इतर भाषा वापरतात हे त्यांना दिसले. पण मुलांनी स्वतः आपल्या भाषांचा जाणीवपूर्वक वापर करावा अशी योजना मोजकेच शिक्षक करत होते. माझ्या मते इथे शिक्षकाची कृती त्याच्या शिकवलेल्या मतापेक्षा शहाणी आहे. मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली ढाक्याच्या अनुभवावर लिहिताना बंगाली मुलाची खरी गरज वाचनाची आहे, असे ठामपणे मांडले होते आणि युरोपातून आलेली, मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवणारी पद्धत इथे जशीच्या तशी चालवायला विरोध केला होता. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ सोबतच्या इंग्रजीवरील भूमिकापत्रानेही इंग्रजीला बहुभाषिक देशातली एक भाषा म्हणूनच पाहिले. अहिराणी, वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणारे मूल मराठी माध्यमातून इंग्रजी शिकते, तेव्हा त्याच्या डोक्यात दोन भाषा आधीच बोलत असतात. त्यांना गप्प करून इंग्रजी शिकवता येत नाही. प्रश्न मराठी वापरली का, हा नसावा. मराठीने मुलाला इंग्रजी वाक्याजवळ नेले की वाक्य वाचण्याच्या कष्टातून सोडवले, हा असावा. प्रत्येक ओळीचा अर्थ आयता सांगणारी मराठी दुसरे काम करते. ‘या उताऱ्यात कोण कुणावर रागावले आहे, मराठीत सांगा, आणि कोणत्या शब्दावरून कळले ते दाखवा’ असे विचारणारी मराठी पहिले काम करते. पण मराठी वापरण्याबद्दल मनात अपराधी भाव असलेला शिक्षक हा भेद करायला बसत नाही. तो मराठी चोरून वापरतो, आणि चोरून केलेली गोष्ट सुधारत नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप परिस्थितीचा आहे. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची शाळाबाह्य कामे, पटसंख्येची टांगती तलवार आणि वर्षअखेरची परीक्षा, एवढे असताना शिक्षकाच्या धारणांचे काय घेऊन बसलात, असे कुणी विचारले तर त्याला उडवून लावता येत नाही. परीक्षेचेच पाहा. २०१९च्या दहावीला भाषा विषयांचे शाळेकडचे २० गुण काढून पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेतली गेली. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ते २० गुण परत आले. ती सगळी चर्चा निकालाच्या आणि अकरावी प्रवेशाच्या अंगाने झाली. त्या २० गुणांत मुले इंग्रजी ऐकतात आणि बोलतात की नाही, हा मुद्दा जवळजवळ निघालाच नाही. समाजाने, पालकांनी आणि शासनाने मिळून शिक्षकाला सांगितले की बोलण्याचे गुण हा निकालाला दिलेला टेकू आहे. मग शिक्षकाने तसे मानले तर दोष त्याचा एकट्याचा कसा?

तरीही परिस्थितीवर सगळे ढकलून भागत नाही. परिस्थिती थेट हात धरून शिक्षकाकडून काही करून घेत नाही, ती धारणेतून वाट काढते. सत्तर मुलांच्या वर्गात दहा वर्षे शिकवल्यावर ‘इतक्या मुलांना बोलते करता येत नाही’ हे निरीक्षण ‘ही मुले बोलू शकत नाहीत’ या समजुतीत मुरते. नंतर परिस्थिती बदलली तरी समजूत राहते. जिल्हा परिषदेच्या कमी पटाच्या शाळांत एका वर्गात आठ-दहा मुले असतात, आणि तिथेही अनेक ठिकाणी एका सुरातले पठण चालू असते. याउलट तीच साधने, तीच परीक्षा असताना वेगळे घडू शकते याचा दाखला दक्षिण भारतातच आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या आधाराने काही साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवला आणि तासाला मुलांपुढे कोडी ठेवली: रेल्वेचे वेळापत्रक वाचून कोणती गाडी घ्यावी ते ठरवा, नकाशावरून वाट काढा. आधी साऱ्या वर्गाने शिक्षकासोबत तसेच एक कोडे सोडवायचे, मग प्रत्येकाने स्वतंत्रपणे. प्रभूंनी मुलांच्या गटकार्याचा आग्रह धरला नाही, त्यामुळे मोठा वर्ग आणि एका रांगेतले बाक ही अडचण राहिली नाही. परिस्थिती ओळखून पद्धत बेतली तर काय साधते, ते इथे दिसते.

याच प्रयोगाची दुसरी बाजू माझ्या मुद्द्याला अधिक जवळची आहे. अॅलन बेरेटा यांनी नंतर त्यातल्या १५ शिक्षकांचे अनुभव तपासले. पद्धत मुरवून स्वतःच्या बळावर चालवणारे किती आणि नुसती पायरी-पायरीने पाळणारे किती, हे त्यांनी पाहिले. बाहेरून आलेले, अधिक तयारीचे शिक्षक पुढे गेले होते. नेहमीचे शाळाशिक्षक मात्र बहुतेक पहिल्याच पायरीवर होते. कोडी त्यांच्या हाती होती, पण कोडे सोडवताना भाषा येते हा विश्वास त्यांच्या मनात उतरला नव्हता. विश्वासाशिवाय हाती घेतलेली नवी पद्धत लवकरच जुन्या पद्धतीचे नवे वेष्टन बनते. वेळापत्रकाच्या कोड्याचे उत्तर फळ्यावर लिहून देता येते आणि मुले ते उतरवूनही घेतात.

म्हणून प्रशिक्षणाच्या आपल्या ठरलेल्या वाटेविषयी शंका घ्यायला हवी. १९५८ साली हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, त्यानंतर मद्रास राज्यात २७,००० शिक्षकांना नव्या पद्धतीचे प्रशिक्षण देण्याची मोहीम झाली. थोड्यांना शिकवायचे, त्यांनी पुढे जास्तांना, त्यांनी आणखी जास्तांना, अशी तिची रचना होती. राज्य स्तरावरचे तज्ज्ञ, मग जिल्ह्याचे, मग तालुक्याचे सुलभक, ही आजची आपली उतरंड त्याच घराण्यातली आहे. या उतरंडीतून शब्द छान झिरपतात. ज्ञानरचनावाद, कृतियुक्त अध्यापन, अध्ययन निष्पत्ती हे शब्द शेवटच्या वाडीपर्यंत पोचले. शब्द पोचला की तपासणी समाधानी होते, आणि तास होता तसा चालू राहतो. थॉमस गस्की यांनी १९८६ साली मांडलेले म्हणणे मला इथे पटते. आधी प्रशिक्षणाने मत बदलेल, मग कृती बदलेल, मग मुलांत फरक पडेल, असा क्रम आपण धरतो. प्रत्यक्षात शिक्षकाने एखादी छोटी गोष्ट करून पाहिली, मुलांत फरक पडलेला त्याच्या डोळ्यांना दिसला, की त्यानंतर मत हलते. आपल्या गुरुजींची रीत शिक्षकाने याच मार्गाने स्वीकारली होती, कारण ती त्याच्यावर चालली होती. नव्या रीतीलाही तेच सिद्ध करून दाखवावे लागेल, आणि तेही त्याच्याच वर्गातल्या मुलांवर.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या इंग्रजीचा आहे. प्राथमिक शिक्षक बहुतेक मराठी माध्यमातून आलेले असतात, त्यांनाच इंग्रजी बोलता येत नाही, तर धारणांच्या गप्पा कशाला? यात तथ्य आहे. पुण्याच्या जॉन कुरियन यांनी शाळांचे वर्गीकरण करताना शिक्षकाचे इंग्रजी आणि मुलाच्या कानावर पडणारे इंग्रजी या दोनच कसोट्या घेतल्या होत्या, आणि त्या योग्य होत्या. पण इंग्रजी चांगले असलेले शिक्षक तासाला मुलांना बोलते करतातच असे नाही. अनेकदा स्वतःच पस्तीस मिनिटे उत्तम इंग्रजीत बोलतात. आणि इंग्रजी बेताचे असलेल्या शिक्षिकेने गोष्टीचे सोपे पुस्तक रोज वाचून दाखवले, मोबाइलवर चांगला उच्चार ऐकवला, मुलांबरोबर आपणही शिकत आहोत हे उघड मान्य केले, तर तिचा वर्ग पुढे जातो. तिच्या आड येते ती भीती: मला न येणारी गोष्ट मुलांपुढे करायची नाही. शिक्षकाला सगळे यायलाच हवे, हीदेखील एक धारणाच आहे, आणि ती आपण समाजाने त्याच्या गळ्यात बांधली आहे.

तिसरा आक्षेप विचारी माणसाकडून येतो. प्रत्येक शिक्षकाच्या धारणेचा आदर करायचा तर मग जे चालले आहे तेच बरोबर ठरेल. प्रभू यांनी १९९० साली लिहिले की सर्वोत्तम पद्धत अशी काही नसते. खरा फरक पडतो तो शिक्षकाला आपण जे करतो त्यातून शिकणे घडते आहे असे मनापासून वाटते की नाही, आणि ती जाणीव जिवंत आहे की गोठलेली, यामुळे. या दुसऱ्या अर्ध्यात आक्षेपाचे उत्तर आहे. जिवंत धारणा नव्या अनुभवाने बदलायला तयार असते, गोठलेली नसते. गो, वेंट, गॉन म्हणून घेणाऱ्या शिक्षकाला ते कशासाठी हे सांगता येते का, आणि मुलाच्या बोलण्यात ते कधी उतरले याचा त्याने कधी माग घेतला का? घेतला असेल तर त्याने ते खुशाल म्हणून घ्यावे. जेसन अँडरसन यांनी २०२१ साली पूर्ण केलेल्या प्रबंधात माध्यमिक शाळांतल्या आठ कुशल भारतीय इंग्रजी शिक्षकांचा अभ्यास आहे. सगळे एका साच्यातले नव्हते. पाठ्यपुस्तक किती वापरायचे, मुलांच्या हाती किती सोपवायचे, यात त्यांची वाट वेगवेगळी होती. मुलांशी जवळीक, त्यांच्या भाषांना वर्गात जागा आणि मुलाला कुठवर कळले याकडे सतत लक्ष, या बाबतीत मात्र ते एकमेकांच्या जवळ येत होते.

करण्यासारखे काय आहे, याचे धागे आपल्याकडेच आहेत. २०१६ पासून महाराष्ट्र शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट नियमित भेटू लागले. वरून आलेल्या तज्ज्ञाचे भाषण ऐकण्यापेक्षा आपल्याच परिसरातल्या शिक्षकांनी एकत्र बसावे, ही कल्पना मला प्रशिक्षणाच्या उतरंडीपेक्षा फार मोलाची वाटते. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात शाळेतल्या अनुभवासाठी वीस आठवडे आले. आजही बऱ्याच ठिकाणी त्या आठवड्यांत सराव पाठाला गुण मिळतात ते आवाज, फळ्याचा वापर आणि शैक्षणिक साधन यांना. त्याऐवजी पाठ संपल्यावर दहा मिनिटे बसून एवढेच विचारता येईल: हे वाक्य तुम्ही मराठीत का सांगितलेत, त्या मुलीची चूक लगेच का दुरुस्त केलीत, मागच्या बाकावरच्याला का विचारले नाही. उत्तर बरोबर की चूक, हे ठरवण्याची घाई नको. उत्तर देताना भावी शिक्षकाला आपली धारणा पहिल्यांदाच ऐकू येईल. शिक्षकांच्या गटांतही हेच करता येईल. मोबाइल आता प्रत्येकाच्या खिशात आहे. स्वतःच्या तासाची पाच मिनिटे ध्वनिमुद्रित करावी आणि त्यात आपण किती बोललो, मुले किती बोलली, मुलांनी स्वतः बनवलेले वाक्य किती वेळा आले, ते एकमेकांसोबत ऐकावे. पुढच्या महिन्यात एकच गोष्ट बदलून पुन्हा ऐकावे. अट एवढीच की ते ध्वनिमुद्रण शिक्षकाच्या मालकीचे राहावे. केंद्रप्रमुखांच्या अहवालात त्याचा रकाना निघाला की शिक्षक त्या पाच मिनिटांसाठीही तपासणीचा तास घेईल, आणि आपल्या हाती पुन्हा एकदा भरलेली प्रश्नावलीच येईल.